निवृत्तीनंतर स्वयंसेवी काम: कुठून आणि कसं सुरू करावं

निवृत्तीच्या निरोप समारंभात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘आता समाजासाठी काहीतरी करा.’ काहीतरी म्हणजे नेमकं काय, कुठे, आठवड्यातून किती वेळा आणि कोणाला भेटून, हे मात्र भाषण करणारा सांगत नाही. मग वर्ष-दोन वर्षं ‘बघू, करू’ यात निघून जातात. नाहीतर उलट होतं. पहिल्याच महिन्यात माणूस चार ठिकाणी हो म्हणून बसतो आणि वर्षाच्या आत चारही सोडतो.

स्वयंसेवकांची नावं नोंदवायच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलेलो आहे. तेवढ्या भांडवलावर एक गोष्ट ठामपणे सांगतो. तास कमी घ्या, पण ठरलेले घ्या. आणि काम असं घ्या की तुम्ही गेला नाहीत तर ‘आज का नाही आले?’ असं कोणीतरी विचारेल. हे जमवायचं कसं, त्याचा तपशील खाली दिला आहे.

आधी, फायदा खरंच होतो का?

होतो, पण सांगतात तितका सरसकट नाही. अमेरिकेतल्या ५० वर्षांवरच्या सुमारे १३,००० लोकांच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला किमान १०० तास स्वयंसेवी काम करणारे आणि अजिबात न करणारे, यांची चार वर्षांनंतरची स्थिती त्यात ताडून पाहिली होती. काम करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं आणि चालण्या-फिरण्यात अडचण येण्याचं प्रमाण कमी होतं, हालचाल जास्त होती, उमेद जास्त होती, एकटेपणा कमी होता. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग, संधिवात या दुखण्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे चालू असलेल्या गोळ्या चालूच ठेवायच्या. ‘समाजसेवेनं माझी शुगर गेली’ असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्यायचं आणि पुढच्या तपासणीची तारीख चुकवायची नाही.

१०० तास म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आधीच्या काही अभ्यासांतही १०० तासांच्या पुढे काम वाढवलं म्हणून लाभ वाढलेला दिसला नव्हता.

इथे एक ग्यानबाची मेख आहे. जो मुळात धडधाकट आहे तोच घराबाहेर पडून काम करतो, मग तो जास्त जगला तर श्रेय कामाला द्यायचं की तब्येतीला? २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हे तपासलं गेलं. वरवर पाहता स्वयंसेवकांमध्ये मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी दिसत होता. आधीची तब्येत, शिक्षण, उत्पन्न अशा गोष्टींचा हिशेब केल्यावर तो फरक २४ टक्क्यांवर आला. निम्मं श्रेय गळालं, पण उरलेलं काही थोडं नाही.

खरा प्रयोग म्हणावा असाही एक झाला. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात ‘एक्सपीरियन्स कोअर’ या उपक्रमात साठी ओलांडलेले स्वयंसेवक प्राथमिक शाळांमध्ये आठवड्याला १५ तास मुलांना वाचनात मदत करत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ७०२ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला शाळेत पाठवलं, दुसऱ्याला नाही. त्यातल्या काही जणांचे मेंदूचे स्कॅन दोन वर्षं काढले, तेव्हा शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये स्मरणशक्तीशी निगडित भाग, जो या वयात आक्रसत जातो, तो किंचित वाढलेला दिसला. यात जादू नाही. शाळेपर्यंत चालत जायचं, जिने चढायचे, पंचवीस मुलांची नावं ध्यानात ठेवायची, बाकीच्या स्वयंसेवकांबरोबर बसून उद्याचं ठरवायचं. शरीर, डोकं आणि माणसं, तिन्ही एकाच कामात आली.

पहिले महिने: घाई नको, पण तारीख ठरवा

निवृत्तीनंतरचे सुरुवातीचे दिवस बहुतेकांना सुट्टीसारखे वाटतात. गजर नाही, डबा नाही, साहेब नाही. रॉबर्ट अ‍ॅचली या समाजशास्त्रज्ञानं निवृत्तीचे टप्पे मांडले, त्यात या मौजेच्या काळानंतर भ्रमनिरासाचा टप्पा सांगितला आहे. सकाळचं वर्तमानपत्र अकरापर्यंत पुरवायची वेळ येते तो हा काळ. या दोन टोकांपैकी कुठेही असताना मोठा शब्द देऊ नये. मौजेत माणूस जास्त कबूल करतो आणि उदास असताना मिळेल त्याला हो म्हणतो.

म्हणून पहिले दोन-तीन महिने झोप, राहिलेल्या तपासण्या, कागदपत्रं आणि खोळंबलेली घरकामं यांना द्या. पण कॅलेंडरवर एक तारीख आत्ताच लिहा, ‘या दिवशी पहिल्या संस्थेला फोन.’ तारीख नसली की ‘बघू’ सुरू होतं. अजून नोकरीत असाल तर आणखी बरं. महिन्यातून एक शनिवार आत्तापासूनच एखाद्या ठिकाणी जा. नोकरीत असताना थोडंफार असं काम केलेली माणसं निवृत्तीनंतर ते सहज वाढवतात. कोऱ्या पाटीवर सुरुवात करणं जड जातं.

आठवड्याचा कागद

एक आडवा कागद घ्या. सात उभे रकाने, प्रत्येक वाराचा एक. त्यांचे आडवे तीन भाग: सकाळ, दुपार, संध्याकाळ. एकवीस चौकोन झाले. आता पेननं पक्क्या गोष्टी भरा: फिरणं, दवाखाना, बँक, नातवंडांना शाळेतून आणणं, जोडीदाराच्या व्यायामाची वेळ. मग पेन्सिलनं प्रत्येक चौकोनात तुमची तरतरी लिहा. सकाळी अंगात दम असतो पण तीननंतर डोळे मिटतात, असं असेल तर तसंच लिहा. अंधार पडल्यावर रस्ता नीट दिसत नसेल तर संध्याकाळचे चौकोन सरळ खोडा.

जे चौकोन मोकळे उरले आणि ज्यात तरतरी आहे, त्यातला एक निवडा. एकच. पुढे दुसरा घेता येईल. दिलेला चौकोन परत घेणं मात्र संकोचाचं होऊन बसतं.

हा कागद केल्यावर काहींच्या लक्षात येतं की मोकळा चौकोनच नाही. आजारी जोडीदाराची किंवा आई-वडिलांची शुश्रूषा चालू असेल तर ते आधीच पूर्णवेळ काम आहे. १९९९ च्या एका अभ्यासात जोडीदाराची काळजी घेताना ताण सोसणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतला मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला होता. अशा वेळी घरचं करून लष्कराच्या भाकऱ्या भाजायला जाऊ नका. आधी स्वतःसाठी मदतीचा हात शोधा. शेजारच्या कोणाला आठवड्यातून दोन तास येऊन बसायला सांगणं, यात कमीपणा नाही. तुमच्याकडे येणारा तो माणूसही स्वयंसेवकच.

कशासाठी करायचं, हे स्वतःशी तरी खरं बोला

वेळ जात नाही म्हणून, माणसं भेटावीत म्हणून, शिकायला मिळावं म्हणून, मनातलं दुःख विसरावं म्हणून, एखाद्या गोष्टीची तळमळ आहे म्हणून, आणि हो, नावापुढे पुन्हा काहीतरी लागावं म्हणूनसुद्धा. यातलं कुठलंही कारण लाजिरवाणं नाही, पण कारणानुसार काम बदलतं. माणसं हवी असतील तर घरी बसून तक्ते भरायचं काम घेऊ नका. दुःख ताजं असेल तर त्याच दुःखाशी जोडलेलं काम काही काळ टाळा. पत्नी किंवा पती ज्या आजारानं गेले, त्याच आजाराच्या रुग्णांमध्ये पुढच्याच महिन्यात जाऊन बसणारे लोक असतात. काहींना ते मानवतं, बहुतेकांना नाही.

२०१२ मधला एक अभ्यास इथे आठवतो. इतरांसाठी म्हणून काम करणाऱ्यांमध्ये चार वर्षांनंतर मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. मुख्यतः स्वतःच्या फायद्यासाठी करणारे मात्र काहीच न करणाऱ्यांच्या बरोबरीला होते. त्यामुळे ‘तब्येतीला बरं’ म्हणून सुरू करायला हरकत नाही, पण काही आठवड्यांत लक्ष स्वतःवरून समोरच्या माणसावर गेलं पाहिजे. जात नसेल तर काम चुकीचं निवडलं आहे.

काम निवडताना

सगळ्यात आधी एक प्रश्न: जुनंच कौशल्य वापरायचं की त्यापासून सुटका हवी? हिशेबनीस निवृत्त झाला की प्रत्येक संस्था त्याच्यापुढे वह्या सरकवते. शिक्षिकेला वर्ग मिळतो, परिचारिकेला रक्तदाब मोजायचं यंत्र. तुम्हाला त्यात आनंद असेल तर उत्तम, संस्थेला सोनंच मिळालं. पण चाळीस वर्षं आकड्यांत घालवून आता झाडांना पाणी घालायचं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, ‘हिशेब सोडून काहीही द्या.’ भिडेपोटी घेतलेली वही खाली ठेवता येत नाही.

कामाचे प्रकार पुष्कळ आहेत. मुलांबरोबर वाचन, प्रौढांना अक्षरओळख, दवाखान्यात येणाऱ्यांना रस्ता दाखवणं, एकट्या वृद्धांना भेटी, परीक्षेत अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक होणं, वाचनालयात पुस्तकं लावणं, जनावरांचा निवारा, रोपवाटिका, फोनवरून विचारपूस. माझा कौल पहिल्या चारांना, कारण तिथे समोर माणूस असतो आणि तो तुम्हाला ओळखू लागतो. अबोल स्वभावाच्या माणसानं मात्र पुस्तकं किंवा रोपं निवडावीत. कोणीतरी सांगितलं म्हणून गप्पिष्ट होता येत नाही.

दुसरा प्रश्न शरीराचा. जिने किती? बसायला पाठीची खुर्ची आहे का? स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात आणि मग पाणीच पीत नाहीत. ऐकू कमी येत असेल तर गोंगाटाच्या सभागृहातलं काम सोडा, एकास एक बसायचं काम घ्या. आणि घरापासूनचं अंतर: पोहोचायला लागणारा वेळ कामाच्या वेळेपेक्षा जास्त असेल तर ते काम टिकत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

घरी बोलून घ्या. परवानगी मागायची म्हणून नव्हे. तुम्ही निवृत्त झाल्याचं घरच्यांनी स्वतःच्या वेळापत्रकात केव्हाच मांडून ठेवलेलं असतं, म्हणून. ‘मंगळवारी दहा ते बारा मी नसेन’ एवढं वाक्य पुरे.

संस्थेत पहिली भेट

फोन करून वेळ ठरवा आणि शक्यतो प्रत्यक्ष जा. तिथे अर्धा तास नुसतं बसून पाहिलं तरी बरंच कळतं. आलेल्या माणसाशी कसं बोलतात, आधीचे स्वयंसेवक किती दिवसांपासून येत आहेत, फोन कोणी उचलतं का. मग हे विचारा:

– माझं काम नेमकं काय आणि अडचण आली तर मी कोणाशी बोलायचं?
– शिकवणार कोण, किती दिवस?
– यायचं नसेल तर कोणाला, किती आधी कळवायचं?
– प्रवासखर्च मिळतो का? मला इजा झाली तर विमा आहे का?
– काम मानवलं नाही तर दुसरं मिळेल का?

उत्तरं लगेच आणि स्पष्ट आली तर चांगली खूण. ‘तुम्ही या तर खरं, मग बघू’ हे उत्तर आलं तर तुम्हीही ‘बघू’च म्हणा.

मुलांमध्ये किंवा आजारी माणसांमध्ये काम असेल तर ओळखपत्र, ओळखीच्या दोघांचे संदर्भ, कधी पोलिसांकडची पडताळणी मागतील. यात अपमान वाटून घेऊ नका. जी संस्था अनोळखी माणसाला काहीही न विचारता मुलांमध्ये सोडते, तिच्यापासून चार हात लांब राहा. मात्र नोंदणीसाठी पैसे मागितले, बँक खात्याचे तपशील किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला, पहिल्याच दिवशी नातेवाइकांकडून देणग्या आणायला सांगितलं, किंवा रोख रक्कम तुमच्या एकट्याच्या हाती दिली, तर नमस्कार करून बाहेर पडा. निवृत्तीची रक्कम नुकतीच हाती आलेल्या माणसाभोवती कोण कोण घोटाळतं, हे वेगळं सांगायला नको.

पहिला महिना

सगळ्यात अवघड गोष्ट शारीरिक नसते. काल तुमच्या सहीशिवाय कागद हलत नव्हता आणि आज पंचविशीतली मुलगी सांगते, ‘काका, नोंदवहीत वेळ लिहायची राहिली.’ ती तिथली प्रमुख आहे, तुम्ही नवखे. ‘आमच्या ऑफिसात असं नव्हतं’ हे वाक्य पहिला महिनाभर तोंडातून काढायचं नाही. सूचना सुचतील, बऱ्याचशा योग्यही असतील. त्या घरी वहीत लिहून ठेवा. महिन्यानंतर वही उघडली की निम्म्या सूचनांमागचं कारण तुम्हाला कळलेलं असेल, उरलेल्या निम्म्या निवांत सांगा. निवृत्त अधिकाऱ्यांना हे जास्त जड जातं, निवृत्त शिपायांना आणि गृहिणींना कमी. माझं निरीक्षण आहे, नियम नाही.

दोन कामं जरा जवळून पाहू, म्हणजे पहिल्या दिवशी काय करायचं याचा अंदाज येईल.

मुलाबरोबर वाचन. समोर बसू नका, शेजारी बसा. पुस्तक मुलानं निवडायचं, ते त्याच्या इयत्तेच्या मानानं सोपं असलं तरी. बोट त्याचं, तुमचं नाही. तो ‘रस्त्यावर’ या शब्दापाशी अडला. तुमच्या जिभेवर शब्द आलेला असतो, तो गिळा आणि मनात पाच आकडे मोजा. बरीच मुलं तिसऱ्या-चौथ्या आकड्याला स्वतःच पुढे सरकतात. नाहीच जमलं तर ‘रस्’ एवढंच म्हणा. तरीही नाही जमलं तर पूर्ण शब्द सांगून पुढे चला, त्याला तिथेच धरून ठेवू नका. एखादा शब्द त्यानं बदलून वाचला पण अर्थ तोच राहिला, तर टोकायचं नाही. शेवटी ‘काय शिकलास?’ म्हणून उलटतपासणी घेऊ नका, त्यापेक्षा ‘मला ते मांजराचं पान आवडलं, तुला कुठलं?’ असं विचारा. मुलाशी कधीही बंद खोलीत एकट्यानं बसायचं नाही. दार उघडं किंवा दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. हा नियम मुलाच्या आणि तुमच्या, दोघांच्या भल्यासाठी आहे.

एकट्या वृद्धाची भेट. घंटा वाजवल्यावर थांबा. आतल्या माणसाला खुर्चीतून उठून दारापर्यंत यायला वेळ लागतो. दुसऱ्यांदा लगेच वाजवली की ते घाईनं येतात आणि घाईत पडतात. आत गेल्यावर टीव्ही बंद करू का, असं विचारा. तुमच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसा, कारण कमी ऐकू येणारा माणूस ओठ वाचत असतो. ओरडू नका, सावकाश बोला. औषधांच्या डब्यात ढवळाढवळ नको, सल्ला तर मुळीच नको. काही खटकलं, म्हणजे सुजलेला पाय, न उघडलेली औषधं, अंगावरचे वळ, तर संस्थेच्या प्रमुखाला त्याच दिवशी कळवा. उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, आणि ‘मी रोज येईन’ असं म्हणायचं नाही. भावनेच्या भरात बोललेलं ते वाक्य समोरचा माणूस आठवडाभर जपून ठेवतो.

पहिल्या महिन्यात हमखास एक दिवस असा येतो की वाटतं, आपल्या जाण्यानं काय फरक पडतोय? मूल कंटाळलेलं असतं, आजी बोलतच नाहीत, प्रमुख बाई भेटतच नाहीत. असा दिवस आला म्हणून सोडायचं नाही. सोडायचं की नाही हे तीन महिन्यांनी ठरवायचं.

कामं अंगावर येतात तेव्हा

वक्तशीर आणि फुकट काम करणारा माणूस दिसला की संस्थेचं मन मोठं होतं. ‘काकू, शनिवारीही याल का?’, ‘वार्षिक अहवाल तेवढा बघाल का?’, ‘तुमच्या ओळखीत कोणी देणगीदार?’ यांत वाईट हेतू नसतो, मनुष्यबळ तोकडं असतं एवढंच. उत्तर आधीच घोकून ठेवा: ‘माझा मंगळवार पक्का आहे. शनिवार जमणार नाही.’ कारण द्यायचं नाही. कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो.

दुसरी वाढ भावनेची असते. मरणासन्न रुग्णांमध्ये किंवा संकटात फोन करणाऱ्यांशी बोलण्याचं काम असेल, तर संस्थेत स्वयंसेवकांना मन मोकळं करायची ठरलेली बैठक असायलाच हवी. ती नसेल तर ते काम घेऊ नका. ज्या आजोबांना आपण दर आठवड्याला भेटत होतो ते एक दिवस नसतात, आणि घरचे म्हणतात, ‘तुझे कोण होते ते?’ हे दुःख बोलायला त्याच कामातला दुसरा स्वयंसेवक लागतो.

घराबाहेर पडणं शक्य नसेल तर

गुडघे, दम, घरातला आजारी माणूस, कारण काहीही असो, स्वयंसेवा बंद होत नाही. ‘बी माय आइज’ नावाचं २०१५ पासून चालू असलेलं अ‍ॅप आहे. अंध व्यक्ती व्हिडिओ कॉल करते आणि तुम्ही तिला डब्यावरची तारीख किंवा पत्रावरचा मजकूर वाचून सांगता. एक कॉल काही मिनिटांचा असतो, उचलायचा की नाही ते तुमच्या हाती. ‘विकिस्रोत’ या संकेतस्थळावर जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पानांवरून मजकूर तपासायचं काम आहे. शुद्धलेखनावरून घरात सगळ्यांना टोकणाऱ्या माणसाला त्याहून योग्य जागा नाही. आवाज चांगला असेल तर ‘लिब्रिव्हॉक्स’ या संकेतस्थळावर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करता येतात, २००५ पासून जगभरचे स्वयंसेवक ते करत आहेत.

यातली तांत्रिक बाजू घरातला तरुण माणूस एका बैठकीत शिकवू शकतो. फक्त त्यानं सांगितलेलं तुमच्या हस्ताक्षरात, पायरी पायरीनं लिहून घ्या, ‘कळलं, कळलं’ म्हणून सोडू नका. पडद्यावरच्या कामातही वार आणि वेळ ठरवा. आणि आठवड्यातून निदान एक फोन असा असू द्या, ज्यात खराखुरा माणूस पलीकडे असेल.

तीन महिन्यांनी

कागद पुन्हा काढा आणि त्याच्या मागच्या बाजूला चार प्रश्नांची उत्तरं लिहा. कामाच्या आदल्या रात्री मनात काय असतं, उत्सुकता की कंटाळा? कामाच्या दिवशी किती चालणं होतं? तिथल्या किती माणसांना नावानं ओळखता, आणि किती जण तुम्हाला? घरी आल्यावर सांगण्यासारखं काही असतं का?

आदल्या रात्रीचा कंटाळा सलग महिनाभर असेल तर काम बदला, स्वयंसेवा सोडू नका. चालणंही नाही आणि नावंही नाहीत, पण कंटाळाही नाही, अशी स्थिती असेल तर त्याच संस्थेत माणसांच्या जवळचं काम मागा. सगळं छान चाललं असेल तर कागदावर दुसरा चौकोन भरायचा मोह होईल. आणखी तीन महिने थांबा.

एक गोष्ट या कागदावर दिसणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक वेळ मन उदास आहे, कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे, जगणं नको वाटतं, तर तो कामाच्या निवडीचा प्रश्न नाही. डॉक्टरांना भेटा, आणि शेवटचं लक्षण असेल तर आजच भेटा. नैराश्याचा आजार वयाचा भाग नसतो, त्याच्यावर उपचार होतात. चांगल्या कामानं त्याला साथ मिळते, पण ते काम औषधाची जागा घेत नाही.

थांबायचं कसं

कधीतरी थांबावं लागेलच. डोळे, पाय, स्थलांतर, किंवा नुसतंच पुरे झालं. ते लपवत, दांड्या मारत थांबू नका. महिनाभर आधी प्रमुखांना सांगा. ज्या मुलाला किंवा आजींना तुम्ही भेटता, त्यांना ही बातमी तुमच्या तोंडून कळली पाहिजे, शेवटच्या भेटीच्या निदान दोन भेटी आधी. शक्य असेल तर नव्या स्वयंसेवकाला बरोबर घेऊन जा आणि ओळख करून द्या. त्याच्यासाठी एक पानभर टिपण ठेवा: आजींचा ऐकू येणारा कान डावा, घंटा एकदाच वाजवायची, मुलगा जोडाक्षरांना अडतो, प्राण्यांची पुस्तकं आवडतात. किल्ली, ओळखपत्र आणि नोंदवही परत करून पोच घ्या.